थेट ऑनलाइन व्याख्यान (आजीवन अध्ययनातील)

परीक्षा, हजेरी वा पदवी यांच्याशी संबंध न ठेवता, केवळ शिकण्याच्या ओढीने घरी बसून ऐकणाऱ्या प्रौढांसाठी ठरलेल्या वेळी इंटरनेटवरून होणारे व्याख्यान. वक्ता बोलत असतानाच श्रोता ऐकतो आणि त्याच बैठकीत प्रश्न विचारू शकतो, ही त्याची खूण. आधी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवलेले भाषण सवडीने पाहणे हा वेगळा प्रकार. व्यवहारात दोन्हींना सरसकट ‘ऑनलाइन लेक्चर’ म्हणतात आणि त्यातून बराच घोळ होतो. महाराष्ट्रात हा प्रकार २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. त्याची मुळे मात्र व्याख्यानमाला आणि नभोवाणी यांत आहेत. घड्याळाला बांधलेले व्याख्यान पाळीत काम करणाऱ्याच्या घरी कसे पोहोचते, हे पाहण्यासाठी या नोंदीत कोल्हापूर जिल्ह्यातील कागल पंचतारांकित एमआयडीसीचा परिसर समोर ठेवला आहे.

पूर्वपीठिका : केंब्रिज विद्यापीठाने जेम्स स्टुअर्ट यांच्या पुढाकाराने १८७३ मध्ये विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी व्याख्याने सुरू केली. पाठोपाठ १८७५ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ झाला. ती आजही चालू आहे. तिच्या धर्तीवर गावोगाव माला निघाल्या आणि ग्रंथालये त्यांची घरे बनली. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला खेड्यापाड्यांत नेली. वेळ बहुधा संध्याकाळची. प्रास्ताविक, परिचय, भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार हा क्रम ठरलेला. दुसऱ्या पाळीचा कामगार आणि त्या वेळी चुलीपाशी असणारी बाई या सभागृहात क्वचितच दिसे, आणि आयोजकांनाही ते खटकत नसे.

थेट दूरव्याख्यानाचा खरा पूर्वज १९५६ चा नभोवाणी शेतकरी मंडळांचा प्रयोग होय. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत तो केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातली निवडक माणसे ठरल्या वेळी रेडिओभोवती जमत, ऐकत, लगेच त्यावर चर्चा करत आणि उरलेल्या शंका पुण्याला लिहून पाठवत. काहींची उत्तरे पुढच्या प्रक्षेपणात मिळत. कल्पना कॅनडातील शेतकरी मंडळांची होती. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि पॉल न्यूरॅथ यांनी ते केले. मंडळे नसलेल्या गावांशी तुलना करता, मंडळे असलेल्या गावांतील लोकांची माहिती ठळकपणे वाढल्याचे दिसले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढ दिसली नाही. ऐकून झाल्यावर चार माणसांत बोलणे होते म्हणून ते डोक्यात राहिले, असा याचा सरळ अर्थ. आजच्या ऑनलाइन व्याख्यानांत नेमके हेच गळाले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुढील टप्पे त्यामानाने एकमार्गी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे दूरदर्शनवरील ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झाले. त्यात प्रेक्षकाला बोलायची सोय नव्हती. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पहिले कुलगुरू राम ताकवले. तेथे भर छापील पाठ्यपुस्तकांवर आणि अभ्यासकेंद्रांवर राहिला. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन व्यासपीठ (२०१७) मुख्यतः ध्वनिचित्रमुद्रित पाठांचे आहे.

टाळेबंदी आणि नंतर : २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ऐन वसंतातली सभागृहे ओस पडली. ग्रंथालये, महाविद्यालये, ज्येष्ठ नागरिक संघ झूम, गूगल मीट, फेसबुक आणि यूट्यूब यांकडे वळले. झूमच्या फुकट बैठकीला चाळीस मिनिटांची मर्यादा असल्याने लांबलचक प्रास्ताविकाची परंपरा काही काळ तरी आवरती झाली, हा त्या काळाचा अनपेक्षित लाभ. ‘आवाज येतोय का?’, ‘सर, तुम्ही म्यूटवर आहात’, ‘कोणाचा तरी माईक चालू आहे, कुकरची शिट्टी ऐकू येतेय’ ही वाक्ये मराठी व्याख्यानांत तेव्हा रुळली.

तांत्रिकदृष्ट्या दोन रीती आहेत. बैठकीच्या रीतीत श्रोता स्वतःच्या आवाजात प्रश्न विचारू शकतो, पण संख्येला मर्यादा असते आणि बेशिस्त लवकर माजते. प्रक्षेपणाच्या रीतीत संख्येची अडचण नाही, मात्र श्रोत्याला फक्त लिहिता येते. शिवाय चित्र काही सेकंद उशिरा पोहोचते, त्यामुळे वक्त्याने ‘काही प्रश्न?’ असे विचारून लगेच आभार मानले, तर श्रोत्याचे टंकन सुरू होण्याआधीच कार्यक्रम संपलेला असतो. जाणते सूत्रसंचालक म्हणूनच प्रश्न व्याख्यान चालू असतानाच गोळा करतात. हलक्या प्रतीच्या चित्रासह तासाभराला साधारण तीन-चारशे एमबी डेटा लागतो. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या आणि तोच फोन मुलांच्या अभ्यासाला देणाऱ्या घरात हा हिशेब होतो. नुसत्या आवाजाला याहून बराच कमी डेटा पुरतो, पण ती सोय आयोजक सहसा सांगत नाहीत.

कागल परिसर : कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत पुणे–बंगळूर महामार्गाच्या पूर्वेस, दोन तालुक्यांत पसरली आहे. वस्त्रोद्योग, फाउंड्री आणि यंत्रभागांचे कारखाने हे तिचे मुख्य अंग. कागल, कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी या गावांतून आणि सीमेपलीकडच्या निपाणी भागातूनही माणसे येथे कामाला येतात. राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातले. त्यांनी करवीर संस्थानात १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले. शाळेनंतर पुढे काय, हा प्रश्न मात्र कारखानदारीच्या काळात नव्याने उभा राहिला.

पाळ्या साधारणपणे तीन आणि बहुतेकांची पाळी आलटून पालटून बदलती. संध्याकाळी साडेसहाला फर्स्ट शिफ्टचा माणूस घरी असतो. सेकंड शिफ्टचा त्या वेळी भट्टीसमोर किंवा सीएनसी यंत्रावर असतो. नाईटवाला नुकताच उठून चहा घेत असतो. म्हणजे एकच माणूस दर आठवड्याला होणाऱ्या मालेतले सगळे भाग सलग ऐकू शकत नाही. सभागृहाचे अंतर मिटले, घड्याळाचे मिटले नाही. तेच व्याख्यान सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा देणे हा यावरचा साधा उपाय आहे. मानधन दुप्पट होते म्हणून तो मागे पडतो. मग ध्वनिचित्रमुद्रणावर भिस्त राहते, आणि ते पाहणाऱ्याला प्रश्न विचारायला समोर कोणी नसते.

हुपरीची गोष्ट थोडी निराळी. तेथे चांदीच्या दागिन्यांचे बरेच काम घराघरांत चालते आणि त्यात बायकांचा हात मोठा असतो. पैंजणाला घुंगरू जोडताना डोळे आणि हात गुंतलेले, कान मोकळे. अशा श्रोत्यासाठी पडद्यावर आकृती दाखवून ‘इथे पाहा’ म्हणणारा वक्ता निरुपयोगी. जे दाखवतो ते शब्दांतही सांगणारा वक्ताच तिच्यापर्यंत पोहोचतो. नभोवाणीच्या वक्त्यांना ही कला अवगत होती. स्लाइड वाचून दाखवणाऱ्यांच्या पिढीत ती दुर्मीळ झाली आहे.

सीमेचा अडसर या माध्यमाला नाही. बेळगाव भागात कडोली, येळ्ळूर, उचगाव येथे मराठी साहित्य संमेलने भरवण्याची जुनी परंपरा आहे आणि कागलच्या खाली काही किलोमीटरवर कर्नाटक सुरू होते; दोन्हींकडचा श्रोता एकाच दुव्यावर बसतो. अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी भारतातली संध्याकाळची साडेसहाची वेळ म्हणजे न्यूयॉर्ककडची उन्हाळ्यात सकाळची नऊ आणि हिवाळ्यात आठ. त्यामुळे मार्च व नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे सरकली की तिकडचे श्रोते एकदा तरी तासभर चुकतात. कामाच्या दिवशी ही वेळ तिकडे अडचणीची. म्हणून दोन्हीकडच्या श्रोत्यांसाठीच्या मालांना शनिवार-रविवार सोयीचा पडतो. पाळीतल्या कामगाराचा सुट्टीचा वार मात्र बहुधा कारखाना ठरवतो, आणि तो रविवारच असतो असे नाही.