उसात सोयाबीन: तणनाशक मारण्यापूर्वी

कोल्हापूर भागात आडसाली उसात सोयाबीनचे आंतरपीक घेतात. दोन्ही सपुष्प वनस्पती, पण नाते फार लांबचे. ऊस एकदल, गवताच्या कुळातला. पान अरुंद, शिरा समांतर, मुळे तंतुमय. सोयाबीन द्विदल, पान रुंद, शिरा जाळीदार, सोटमूळ आणि मुळांवर नत्राच्या गाठी. हे पुस्तकी वाटेल, पण फवारणीत हाच फरक नडतो. उसातील रुंद पानांच्या तणांवर मारायचे २,४-डी सोयाबीनचे शेंडे पिळवटून टाकते. उलट सोयाबीनमधील गवतावरचे क्विझालोफॉप उसालाही सोडत नाही, ऊसही गवतच. म्हणून उगवणीनंतर, आंतरपीक निघेपर्यंत, भांगलणच करा. वारा शेजारच्या सोयाबीनकडे असेल तर २,४-डी मारू नका. त्याचा पंपही वेगळा ठेवा. नुसते पाणी फिरवून तो साफ होत नाही.