राबाची आच आणि मिरचीचं रोप

मिरची-वांग्याचं बी टाकलं, आठवड्यात हिरवंगार उगवलं आणि एका ओल्या रात्रीनंतर रोपं आडवी. उपटून पाहिलं तर बुडाशी दोऱ्यासारखी बारीक, कुजलेली. ही मर. मातीतली बुरशी पाणी साचलं, रोपं दाटली की कोवळ्या बुडाला धरते.

आपल्या जव्हार-मोखाड्यात नागली-भाताचं रोप राबावर वाढवतात. फांद्या, पातेरा, शेण पसरून जमीन भाजायची. तण मरतं, राखेचं खत मिळतं. पण आच वरच्या मातीतल्या बुरशीलाही लागते, हे कुणी फारसं बोलत नाही.

इंग्रज अधिकाऱ्यांना राब म्हणजे जंगलाची नासाडी वाटे. फांद्या तोडण्यावर बंधनं आली, ठाणे जिल्ह्यात असंतोष वाढला. १८८५ साली मुंबई सरकारने जंगलाच्या गाऱ्हाण्यांसाठी आयोग नेमला. त्यात राबाचा हक्क हा मोठा वाद होता. (तेव्हा जव्हार वेगळं संस्थान, मोखाडा मात्र इंग्रजी मुलखात.) पुढे १९१२ साली पुण्याच्या शेती कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासोबत राबावर अभ्यास छापला. नुसती राख टाकणं आणि जमीन भाजणं एक नव्हे, हा मुद्दा त्या काळच्या अभ्यासांतून पुढे आला. आपल्या आज्या अडाणी नव्हत्या. मात्र फांद्यांचे भारे डोक्यावरून त्यांनीच वाहिले, तेही विसरू नये.

हीच आच लाकडाशिवायही मिळते. १९७६ साली इस्रायलमध्ये याकोव काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून उन्हानेच माती तापवली आणि रोगाची बुरशी मारली. त्यांच्यासारखंच कडक ऊन आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये असतंच.

भाजीच्या रोपांसाठी मला हाच मार्ग बरा वाटतो. गादीवाफा आधीच करून घ्या, भरपूर भिजवा, पातळ पारदर्शक कागद ताणून कडा मातीत गाडा. काळा कागद नको. चार ते सहा आठवडे उघडू नका. मग बी विरळ, ओळीत टाका, पाणी सकाळी द्या. आणि कागद काढल्यावर वाफा खोल खणू नका, नाहीतर खालची न तापलेली माती बुरशीसकट वर येते.