पगार कोणाचा, घर कोणाचे?

सोनाळ्यातील एखादा तरुण 'पुण्यास खोली घेऊन राहतो' असे म्हणाला, की वडीलधाऱ्यांस घर मोडल्यासारखे वाटते. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत. कोणत्याही तंट्यात पैसा कोणाच्या हाती आहे, हे आधी पाहावयाचे, ही सवय आम्हांस तेथे लागली. घर सोडण्याचा इतिहासही तसाच पाहावयास हवा.

बाहेर पडणे काही नवे नव्हे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८६७ साली आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचली. परंतु गिरणीत गेलेल्या तरुणाने घर सोडले, असे कोणी म्हणत नसे. तो गाववाल्यांबरोबर एका खोलीत निजे, खानावळीत जेवे आणि गावी मनिऑर्डर धाडी. बायकामुले बहुधा गावीच राहत. मालकास एकट्या माणसापुरती मजुरी देऊन भागवता आले, कारण उरलेला भार गावची शेती उचलीत होती.

कायदाही घराचाच पक्ष घेई. कुटुंबाच्या खर्चाने विशेष शिक्षण घेतलेल्याची कमाई कुटुंबाची, असा दंडक होता. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने एका सनदी अधिकाऱ्याच्या पगारासही तोच लावला. पुढे बॅरिस्टर जयकरांच्या प्रयत्नाने १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला आणि शिकून मिळविलेला पैसा मिळविणाराचा ठरला. मुलींस मात्र वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका जन्मसिद्ध वाटा देशभर मिळावयास २००५ साल उजाडले.

पगार आपला झाला, तरी छप्पर कोठे होते? १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे बी.डी.डी. चाळी बांधल्या. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. लग्न झालेल्या मुलाने तेथे वेगळे निघावयाचे म्हटले, तर जावे कोठे? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांतील कित्येकांनी गावचीच वाट धरली.

आम्हीही तरुणपणी वडिलांशी भांडून घर सोडले होते. पुढे आमच्या कारखान्यात संप झाला आणि खोलीचे भाडे थकले, तेव्हा आम्ही परतलो. वडिलांनी काही विचारले नाही. 'हातपाय धू', एवढेच म्हणाले. ते सात महिने आम्ही त्यांच्याच ज्वारीवर काढले. संपाचा आमचा खरा फंड त्यांच्या कणगीत होता, हे कळावयास आम्हांस फार वर्षे लागली.

म्हणून दोन्ही पिढ्यांस आमचे सांगणे आहे. मुलामुलींनी अवश्य जावे; पण खोलीभाडे भागेल इतका पगार मालकाकडे मागावा, बापाच्या कणगीवर विसंबून कमी मजुरी पत्करू नये. आईबापांनी मिळवत्या लेकरांच्या पगारावर हक्क सांगू नये. गावी किती धाडावयाचे आणि दुखण्यात कोणी कोणाकडे यावयाचे, हे जाण्यापूर्वीच एकत्र बसून ठरवावे. बोलणी आधी झाली, म्हणजे पुष्कळ संप टळतात, असा आमचा अनुभव आहे.