परळ ते खारघर : कर्करोग संशोधनाची वाटचाल

लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सर दोराबजी टाटा ट्रस्टने परळ येथे उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. तपासणीसाठी येणाऱ्या गाठींचे नमुने केवळ निदानापुरते न वापरता, त्यांची सांगड रुग्णांच्या तंबाखू-पानाच्या सवयींशी घालण्याचा अभ्यास त्यांनी सुरू केला. या कामाला स्वतंत्र घर हवे, या जाणिवेतून १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले.

आरंभीचा काळ खडतर होता. प्रयोगासाठी एकजिनसी उंदरांचा वाण सिद्ध करायचा, तर भावंडांचे संकर सलग किमान २० पिढ्या करावे लागतात. शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्रही देशात रुजलेले नव्हते. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेत हे तंत्र आत्मसात केले आणि परतल्यावर येथे उतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा वाटा किती, याचा त्यांनी शोध घेतला. डॉ. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील अभ्यासाचा पाया घातला. तोंड आखडवणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसचे कारण शोधताना सिरसाट व खानोलकर यांनी विस्टार उंदरांच्या टाळूवर मिरचीतील कॅप्सेसिन लावून केलेला प्रयोग १९६० मध्ये प्रसिद्ध झाला.

संस्थेचे काम कर्करोगापुरतेच राहिले नाही. १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या नमुन्यातून येथे वेगळा केलेला जिवाणू संस्थेच्या नावावरूनच 'आयसीआरसी बॅसिलस' म्हणून ओळखला गेला. त्यापासून लस तयार होण्यास दोन दशके लागली. पुढे दक्षिण भारतातील तुलनात्मक चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. तरी सार्वत्रिक वापराचा पल्ला तिला गाठता आला नाही.

१९६२ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र दोन्ही अणुऊर्जा विभागाकडे आली. १९६६ मध्ये टाटा मेमोरियल सेंटर या एका छत्राखाली त्यांचे एकत्रीकरण झाले. त्याच वर्षापासून १९७० पर्यंत रणदिवे यांनी संशोधन संस्थेच्या प्रभारी संचालकपदाची जबाबदारी पेलली.

परळची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा २००२ मध्ये संशोधन संस्था नवी मुंबईतील खारघरला गेली. 'ॲक्ट्रेक' या नावाने तेथे प्रयोगशाळा, प्राणिगृह आणि उपचार यांची सोय एकाच परिसरात झाली. पूर्वी मुंबई विद्यापीठातून पीएचडी करणारे येथील विद्यार्थी आता होमी भाभा राष्ट्रीय संस्थेतून ती पदवी घेतात. प्राण्यांवरील प्रयोगांना १९९८ च्या नियमांनुसार प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. रुग्णाचा नमुना संशोधनासाठी घ्यायचा, तर त्याची लेखी संमती आवश्यक असते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये देशातील पहिल्या स्वदेशी कार-टी पेशी उपचाराला मान्यता मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संयुक्त परिश्रमांचे हे फळ. मात्र सात दशकांच्या या वाटचालीचे श्रेय केवळ शास्त्रज्ञांचे नाही. पहाटे पिंजरे स्वच्छ करणारे प्राणिगृहातील कर्मचारी, प्रबंधासाठी रात्री जागवणारे विद्यार्थी आणि स्वतःच्या दुखण्यातही नमुना देण्यास संमती देणारे रुग्ण यांचाही त्यात तितकाच वाटा आहे.