नवगावचे कबरस्तान

गतवर्षी शाळेची सहल घेऊन आम्ही साताऱ्याहून अलिबागला गेलो होतो. त्या वेळी जवळच्या समुद्रकाठच्या नवगाव या खेड्यातील जुने कबरस्तान पाहण्याचा योग आला. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे आपलं कबरस्तान आहे का?" हे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचे, असे सांगताच मुले चकित झाली.

परंपरा अशी की, फार प्राचीन काळी या किनाऱ्यावर एक जहाज फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. लाटांबरोबर आलेली प्रेते नवगावी पुरण्यात आली. वाचलेल्यांचे वंशज कोकणात तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. गावांवरूनच नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे पडली. आपल्या प्रार्थनास्थळाला ते 'मशीद'च म्हणत. मुंबईचे मशीद स्थानक हे नावही १७९६ साली उभारलेल्या त्यांच्या जुन्या मशिदीवरून पडले, असे मानतात.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि पुढील काळात या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. कबरी मात्र येथेच राहिल्या.

जहाजातील त्या मृतांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. तरीही त्यांची हकिकत टिकली, कारण ती सांगितली गेली आणि पुढे लिहिली गेली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून निघाला १९३७ साली, त्यांच्या पश्चात. याच किहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. यहुदी कुटुंबे गेल्यावर तेथील बाके रिकामी राहिली नाहीत. तेथे मुस्लिम मुले बहुसंख्येने शिकू लागली. कबरींचा इतिहास लिहिणाऱ्या माणसानेच शाळा काढावी, हा मला केवळ योगायोग वाटत नाही.

वाचकहो, सातारा-सांगलीच्या गावोगावच्या कबरस्तानांतही कित्येक दगडांवरची अक्षरे झिजत चालली आहेत. ती वाचू शकणारी व त्यांची माहिती असणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत तोवर मुलांच्या हाती वही-पेन्सिल देऊन नावे व साल लिहून घेऊ या. या कामाला पैसा लागत नाही, एक रविवार पुरेसा आहे.