हक्क, हद्द आणि दावा

सीमाभागातील मराठी माणसाच्या तोंडी तीन शब्द सदैव असतात : हक्क, हद्द आणि दावा. हे तिन्ही मूळचे अरबी आहेत. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्या आमच्या काही स्नेह्यांना हे ऐकून अवघडल्यासारखे होते. म्हणून त्या शब्दांचा इतिहास थोडक्यात मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे शब्द अरबस्तानातून थेट मराठीत आले नाहीत. इराणात इस्लाम रुजल्यावर फारसीने अरबी लिपी स्वीकारली आणि धर्म, न्याय व महसूल यांची परिभाषाही उचलली. 1347 साली दख्खनेत बहमनी राज्य स्थापन झाले, पुढे विजापूरची आदिलशाही आली. दरबाराची भाषा फारसी. पण गावचा कुलकर्णी मोडीत मराठी लिहीत असे. त्याच्या दप्तरातून वसूल, बाकी, जामीन, वकील हे अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत स्थिरावले.

स्थिरावताना ते बदलले. 'जिल्हा' ज्या अरबी शब्दापासून आला, त्याचा अर्थ बरगडी किंवा बाजू. 'कायदा' म्हणजे मुळात पाया. 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू. आपण मात्र खरीप म्हणतो ते पावसाळी पिकाला. मराठीने या शब्दांना आपले प्रत्यय लावले. 'वकिलाने', 'जिल्ह्यात', 'हक्काचे' ही रूपे अरबाला उमगणार नाहीत, 'वकिलीणबाई' तर नाहीच नाही.

1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनी राजव्यवहारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचे काम रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे सोपविले. त्यातून 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव. स्वराज्याच्या भाषेला प्रतिष्ठा देणारा हा उपक्रम थोर होता. तरीही वकील, तारीख, हक्क हे शब्द लोकांनी सोडले नाहीत. कारण तोवर ते लोकांचे झाले होते.

हेच शब्द आपल्या शेजारी कन्नडमध्येही आहेत : जिल्ले, तालूकु, हक्कु, दावे. दोन्ही भाषांनी ते एकाच राजवटीच्या कागदांतून घेतले. त्यामुळे चार उसन्या शब्दांवरून एखाद्या गावाची भाषा ठरविणारा युक्तिवाद, मग तो कोणत्याही बाजूचा असो, पुराव्यात टिकणारा नाही. गावाची भाषा ठरते ती तेथील माणसे घरात काय बोलतात, मुलांना कोणत्या भाषेत शिकवू इच्छितात, यावरून.

आमच्या व्यवसायात दीर्घ, उघड आणि अखंड वहिवाटीला मोल असते. या शब्दांची मराठीतील वहिवाट कित्येक शतकांची आहे. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नी दाखल केला, त्यालाही आपण 'दावा'च म्हणतो. तेव्हा मराठी कागदपत्रांची मागणी करणाऱ्या अर्जात 'हक्क' हा शब्द लिहिताना कोणीही संकोचू नये. तो आपलाच आहे.