चोवीस ओळी, ऐंशी घरं आणि आपली अक्षरं

तारापूरच्या अणुवीज केंद्राने 1969 च्या ऑक्टोबरमध्ये व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने युनिक्स लिहायला घेतलं. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण बोईसरच्या एमआयडीसीत किंवा पालघरहून लोकल पकडून मुंबईत सॉफ्टवेअरची नोकरी करणारी आमच्याकडची मुलं आज ज्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करतात, तिची सुरुवात त्या दुसऱ्या घटनेत आहे. तारापूरबद्दल भरपूर लिहून झालं आहे. या काळ्या खिडकीबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवातीला खिडकी नव्हतीच, कागद होता. टेलिटाइप मॉडेल 33 हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. छापलेलं पुसता येत नाही, वर जाऊन दुरुस्त करता येत नाही. सत्तरच्या दशकात काचेचे पडदे आले आणि पहिल्यांदाच अक्षर हव्या त्या जागी ठेवणं शक्य झालं. पडद्यावर बहुधा 24 ओळी आणि प्रत्येक ओळीत 80 घरं असत. हा ऐंशीचा आकडा आयबीएमच्या 1928 सालच्या भोकं पाडलेल्या कार्डावरून आलेला. कार्ड गेलं, त्याचं माप राहिलं.

अडचण अशी की प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. लिअर सिग्लरच्या एडीएम-3ए वर कर्सर हलवायचा तर एस्केप, मग बरोबरचं चिन्ह, मग ओळ आणि स्तंभ सांगणारी दोन सांकेतिक अक्षरं पाठवावी लागत. डेक कंपनीच्या 1978 सालच्या व्हीटी-100 वर एस्केप, चौकटी कंस, ओळीचा आकडा, अर्धविराम, स्तंभाचा आकडा आणि शेवटी एच. एका पडद्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर नुसता कचरा ओकायचा.

बर्कली विद्यापीठातला विद्यार्थी बिल जॉय तेव्हा व्हीआय नावाचा एडिटर लिहीत होता. त्याने पडद्यांची ही सगळी माहिती प्रोग्रॅममधून बाहेर काढून एका वेगळ्या फाइलीत ठेवली. अमुक यंत्रावर पडदा कसा पुसायचा, तमुक यंत्रावर कर्सर कसा हलवायचा, असा तो तक्ता. त्याचं नाव टर्मकॅप. नवीन पडदा बाजारात आला की तक्त्यात चार ओळी वाढवायच्या, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वात शहाणपणाची गोष्ट वाटते, आणि पुढे आपल्या लिपीचं काय झालं ते समजायलाही हीच उपयोगी पडते.

व्हीआयमधलाच कर्सर हलवण्याचा भाग घेऊन केन आर्नल्डने 1980 च्या सुमारास कर्सेस ही लायब्ररी बांधली. नावात शाप आहे, काम मात्र दुवा द्यावा असं. पडद्यावर 24 गुणिले 80, म्हणजे 1920 घरं. टेलिफोनच्या तारेवरून 300 बॉडच्या वेगाने सेकंदाला साधारण 30 अक्षरं जात. पूर्ण पडदा रंगवायला एक मिनिटाहून जास्त वेळ लागायचा. कर्सेस स्मृतीत दोन पडदे ठेवतं, एक आत्ता दिसतो तो आणि एक हवा आहे तो. दोन्हींची घरं ताडून फक्त फरक तेवढा पाठवतं. तीन अक्षरं बदलली तर तीन अक्षरं आणि तिथवर पोचायचा संकेत, एवढंच तारेवर जातं. पुढे मार्क हॉर्टनने टर्मकॅपच्या जागी टर्मइन्फो आणलं आणि 1993 मध्ये एनकर्सेस आलं. आजच्या लिनक्सवर हीच मंडळी कामाला आहेत.

आपल्याकडे सामान्य माणसाने असा पडदा पाहिला तो बहुतेक रेल्वेच्या आरक्षण खिडकीत. दिल्लीत 1985 मध्ये संगणकीय आरक्षण सुरू झालं, मग मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद. मागे डेकचीच यंत्रं होती, त्यांच्या व्हीएमएस प्रणालीवर चालणारी. तिथे कर्सेसच्या जागी डेकची स्वतःची लायब्ररी असे, पण जात तीच. पालघरच्या खिडकीच्या काचेतून मी वाकून वाकून तो पडदा पाहिलेला आहे. नावाचा रकाना, वयाचा रकाना, ठरलेल्या घरांत ठरलेली अक्षरं.

घरं ठरलेली म्हटलं की नावं तुटणार. आरक्षणाच्या छापील अर्जावर नाव 15 अक्षरांत बसवायची सूचना असते. इंग्रजी स्पेलिंगने अब्दुल रहमान इब्राहिम शेख यांना मधल्या मोकळ्या जागा धरून 27 घरं लागतात. पंधरात ते अब्दुल रहमान इब एवढेच उरतात, आडनाव गाडीत चढतच नाही. यात कुणाचा आकस शोधायला जाऊ नये. चंद्रकांत हे एकटं नावच इंग्रजीत 11 घरं खातं, त्यांचं आडनावही फलाटावरच राहतं. प्रश्न नाव छाटण्यापेक्षा आधीचा आहे. ते नाव मुळात रोमन लिपीत का लिहावं लागलं?

कारण त्या घरात देवनागरी बसत नव्हती. रोमन अक्षर एका घरात एक, सुटं. आपल्याकडे ऱ्हस्व वेलांटी नंतर टाइप होते आणि दिसते आधी. जोडाक्षर कधी दीड घराचं, कधी दोन. यावर आयआयटी कानपूरमध्ये काम झालं आणि 1983 मध्ये तिथे देवनागरी संगणक तयार झाला. त्यातले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना 1988 ची. तिथल्या जिस्ट कार्डाने आणि जिस्ट टर्मिनलने एक चतुराई केली. अक्षरं जुळवण्याचं काम त्यांनी हार्डवेअरला दिलं. डीबेससारख्या प्रोग्रॅमला पत्ताही नसायचा की पडद्यावर मराठी उमटते आहे. सोबत इस्की हा संकेत होता, 1991 मध्ये तो भारतीय मानक झाला. त्यात एक खास संकेत आहे, तो दिला की पुढचा मजकूर ठळक होतो किंवा लिपीच बदलते. टर्मिनलच्या एस्केपचा हा देशी भाऊच. नुक्ताही त्यात आहे, त्यामुळे ज़ आणि फ़ नागरीत लिहिता येतात.

उर्दूचा मामला याहून अवघड. आमच्यातल्या कित्येक घरांत बोलणं मराठीत, शिक्षण उर्दूत. इस्कीने नागरी, बंगाली, तमिळ यांना एका सूत्रात बांधलं, कारण त्यांची वर्णमाला एका घराण्यातली. फारसी-अरबी लिपी त्या सूत्रात बसत नव्हती. तिच्यासाठी सी-डॅकने पास्की हा वेगळा संकेत केला. संकेत झाला तरी नस्तालीक तिरकी उतरते, उजवीकडून डावीकडे जाते आणि अक्षर शेजारी पाहून रूप बदलतं. चौकोनी घरांच्या चाळीत ती कशी राहणार? पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीकसाठी अक्षरांचे हजारो जोड आधीच लिहून ठेवले, आणि 1981 पासून ती छपाईत आली. भारतात 1994 मध्ये इनपेज आलं. दोन्ही छापखान्याची साधनं. टर्मिनल तसंच राहिलं.

जिस्टबद्दल मला आदर आहे, पण बर्कलीशी तुलना केली की एक गोष्ट खटकते. जॉयने पडद्याचं ज्ञान सगळ्यांना वाचता येईल अशा फाइलीत ठेवलं. आपण लिपीचं ज्ञान एका कार्डात बंद केलं. विंडोज आलं, डॉस गेलं, कार्डाचं काम संपलं आणि ते ज्ञान टर्मिनलपर्यंत पोचण्याचा रस्ताही गेला. फाइल मात्र अजून आहे, लिनक्सच्या प्रत्येक यंत्रावर.

युनिकोडनंतर एनकर्सेसला देवनागरी अक्षर कळतं, पण मोजणी जुनीच. जुन्या नियमाने हलन्त शून्य घराचा, व्यंजनं आणि वेलांटी मात्र एकेका घराची. क्षितिज या शब्दात डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, लायब्ररी सहा घरं मोजते. बऱ्याच टर्मिनलांवर कर्सर एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, असा प्रकार होतो. एमएलटर्म नावाचं एक टर्मिनल उजवीकडून डावीकडचं लिखाणही सांभाळतं आणि इस्कीही ओळखतं. ते फुकट मिळतं.